स्टायलची गिरणी आणि आपला माग

इंग्लंडातील मँचेस्टरजवळ, चेशायर परगण्यात स्टायल नावाचे खेडे आहे. तेथे बॉलिन नदीच्या काठी सॅम्युएल ग्रेग याने १७८४ साली सूतगिरणी उभारली. तिचे नाव क्वॉरी बँक. नदीच्या पाण्यावर चाक फिरे आणि चाकावर चात्या. खेड्यात पुरेसे मजूर नव्हते, म्हणून मालकाने गरीबगृहांतून (वर्कहाउसमधून) मुले आणली. त्यांच्यासाठी १७९० साली वेगळे घर बांधले. त्यात नव्वदएक मुले राहत. पुढे कामगारांची घरे, दुकान, शाळा, प्रार्थनामंदिर झाले आणि गिरणीभोवती एक वस्ती नांदू लागली.

मालक निर्दय नव्हता. मुलांसाठी त्याने डॉक्टर नेमला होता, त्याची पत्नी हॅना मुलांच्या शिक्षणाकडे लक्ष देई. तरीही १८०६ साली थॉमस प्रिस्टले आणि जोसेफ सेफ्टन ही दोन मुले पळाली आणि आपल्या आयांना भेटायला थेट लंडनला गेली. थॉमसचे बोट यंत्रात तुटले होते. दंडाधिकाऱ्यांपुढे त्यांनी दिलेली जबानी नोंदली गेली. म्हणून आज दोनशेहून अधिक वर्षांनी त्या तुटलेल्या बोटाची आपल्याला खबर आहे.

ग्रेगच्या मालकीचा डॉमिनिका बेटावर मळाही होता आणि तेथे गुलाम राबत. ब्रिटिश संसदेने १८३३ साली गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा केला, पण नुकसानभरपाई मिळाली ती मालकांना. गुलामांच्या हाती काही आले नाही.

हा इतिहास आम्ही का सांगतो? कारण हे सूत आपल्या दारापर्यंत आले आहे. लँकेशायरच्या गिरण्यांचे स्वस्त कापड हिंदुस्थानात आले आणि हातमागाचा कणा मोडला. अमेरिकेतील यादवीमुळे (१८६१ ते १८६५) त्या गिरण्यांना कापूस मिळेना, तेव्हा खानदेश-वऱ्हाडचा कापूस मुंबईमार्गे तिकडे गेला. इकडे १८५७ नंतरची दडपशाही, दुष्काळ आणि बुडालेला धंदा यांनी उत्तर हिंदुस्थानातील मोमीन-अन्सारी विणकर घरदार सोडून निघाले. त्यांतील कित्येक मालेगावला, भिवंडीला स्थिरावले. हातमागाचे यंत्रमाग झाले, पण विणणारे हात तेच राहिले.

क्वॉरी बँक १९३९ साली ग्रेग घराण्याने नॅशनल ट्रस्टला दिली. १९५९ साली तेथील धंदेवाईक उत्पादन थांबले. आता तेथे संग्रहालय आहे. ट्रस्टने २०२० साली आपल्या वास्तूंचा वसाहतवाद व गुलामगिरीशी असलेला संबंध जाहीर केला, त्यात क्वॉरी बँकचेही नाव आहे. त्यावर तिकडे वाद झाला, पण नोंद पुसली गेली नाही.

आणि आपण? मागाची खटखट ऐकत आपल्या किती पिढ्या मोठ्या झाल्या, पण आपल्या विणकरांची जबानी कोणी लिहून ठेवली? कोण कोठून आले, वाटेत कोण दगावले, पहिला माग कोणाच्या उसनवारीवर बसला, कांड्या भरणाऱ्या बायकांच्या हातांना काय मोबदला मिळाला, हे घरातल्या बुजुर्गांना ठाऊक आहे. ते गेले की ही माहितीही त्यांच्याबरोबर दफन होईल. दगडी इमारत नसली तरी वारसा असतो. थॉमसची गोष्ट उरली ती कोणीतरी लिहून घेतली म्हणून. आपल्या घरातली जबानी आपणच लिहून घ्यायला हवी, आणि तीही बुजुर्ग हयात असेपर्यंत.