घोडी, पाटे आणि पाट

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत पुतण्याने त्याची जुनी एमएम ५४० जीप आमच्या अंगणात आणून लावली. म्हणाला, "काका, दोन इंच उचलायचीय. गॅरेजला नाही द्यायची, घरीच करू."

"घोड्या आहेत का?" मी विचारलं.

तो हसला. घोडबंदरात राहून कुणी घोड्या आहेत का म्हणून विचारलं की नव्या पोरांना विनोदच वाटतो. चेसिसखाली टेकू म्हणून लावतात त्या लोखंडी तिपाईला गॅरेजात घोडी म्हणतात. नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली शिरलेल्यांच्या गोष्टी मी पुष्कळ ऐकल्यात. घोड्या आल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही, हे पहिल्यांदा ठरलं.

गावाच्या नावातले घोडे वेगळे. खाडीच्या या काठाला अरबी घोडे उतरायचे, त्यांचा बाजार भरायचा, म्हणून घोडबंदर, असं आमच्याकडे सांगतात. टेकडीवरचा किल्ला पोर्तुगीजांचा. चिमाजीअप्पांच्या स्वारीत १७३७ मध्ये तो मराठ्यांकडे आला. शाळेतल्या भाषणाला हा मजकूर पुरायचा. मी लहानपणी पाहिलेलं घोडबंदर मात्र रेतीचं होतं. खाडीतली ओली रेती होड्यांतून काठाला यायची, पाटीपाटीने ट्रकमध्ये चढायची आणि ट्रक मागून असा बसायचा की जणू बैलच खाली बसला. परवान्यात किती टन लिहिलेत ते कागदावर. खरा हिशोब पाट्यांवर.

पाटे म्हणजे कमानीसारख्या वाकवलेल्या पोलादी पट्ट्या. सगळ्यांत लांब तो मेन पाटा, टोकं गोल वळवून आत बुश बसवलेले. त्याखाली एकाहून एक आखूड पट्ट्या. मधोमध सेंटर बोल्ट, आणि सगळी चळत ॲक्सलला यू-बोल्टने आवळलेली. रेतीचा ट्रक बसायला लागला की मालक पाटेवाल्याकडे जायचा आणि म्हणायचा, "एक पाटा वाढव." गाडी वर यायची, रेती आणखी भरायची. गावोगाव वडाप चालवणाऱ्या जीपवाल्यांचंही तेच. मागे चौदा माणसं कोंबायची तर मूळचे पाटे कसे पुरणार? माझा पुतण्या ज्याला लिफ्ट म्हणतो, ते आमच्या रस्त्यांवर पोटापाण्यासाठी कधीपासून चालू आहे. फक्त तेव्हा गाडी ओझ्याखाली सरळ राहावी म्हणून उचलायचे. आता ती रिकामीच उंच दिसावी म्हणून.

पाट्यांचं कूळ घोडागाडीचं. ओबडाया इलियट नावाच्या इंग्रज गाडीकाराने १८०४ मध्ये लंबगोल पाट्यांवर बग्गी टांगायचं पेटंट घेतलं आणि गाडीखालचं जड लाकडी तुळवट गेलं. मुंबईच्या व्हिक्टोरियाही पाट्यांवरच डुलत चालायच्या. २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने त्या बंद करायला सांगितल्या. १९४१ च्या विलिस लष्करी जीपला चारही चाकांवर पाटेच होते. लढाई संपली, देश स्वतंत्र झाला, आणि महिंद्राने माझगावात विलिसच्या जीप जोडायला सुरुवात केली. पुढे सीजे-३बी, मग ऐंशीच्या दशकातली एमएम ५४०. इंजिन बदललं, बॉनेट बदललं, पाटे तेच. म्हणजे आमच्या अंगणातल्या जीपखाली घोडागाडीच होती, घोडा तेवढा डिझेलवर चालणारा. २०१० च्या थारने पुढून पाटे काढून टॉर्शन बार घातले, २०२० च्या थारने मागचेही काढले. ती उचलायची तर वेगळ्या स्प्रिंगा आणि वेगळी विद्या.

पुतण्याने लांब शॅकल आणले होते. शॅकल म्हणजे पाट्याचं एक टोक ज्याला टांगलेलं असतं ती जोडपट्टी. मी म्हटलं, "हे दोन इंच लांब आहेत ना? मग गाडी एकच इंच उचलेल." त्याला पटेना. पाट्याचं एकच टोक खाली सरकतं आणि ॲक्सल मध्यावर असतो, म्हणून निम्मंच मिळतं. शिवाय ॲक्सल कलतो, स्टिअरिंग भटकायला लागतं, मग पाचर घालून तो कोन परत आणावा लागतो. शॅकल बाजूला ठेवले आणि पाटे काढून हायवेलगतच्या पाटेवाल्याकडे नेले.

तो माणूस बघण्यासारखा होता. पाटा ऐरणीवर, दोन बोटं सरकवून एक ठोका, परत दोन बोटं, परत ठोका. मोजपट्टी नाही. दोन पाटे एकावर एक ठेवून उजेडाकडे धरायचा. पुतण्या म्हणाला, "मध्ये फट राहिली." पाटेवाला त्याच्याकडे न बघताच म्हणाला, "मध्ये राहायलाच पाहिजे. टोकाला दिसली तर सांग." आखूड पाट्याला कमान जास्त द्यायची, सेंटर बोल्ट आवळला की मधली फट मिटते आणि टोकं मेन पाट्याला घट्ट धरून बसतात. हे ऐकायला मी पन्नास वर्षं या रस्त्यावर राहिलो होतो.

घरी परत चढवताना चूक झाली ती माझीच. गाडी घोड्यांवर, चाकं लोंबकळत असतानाच मी शॅकलचे बोल्ट गच्च आवळले. गाडी खाली उतरवली तेव्हा रबरी बुशांना पीळ पडला. दोन दिवस प्रत्येक खड्ड्यात जीप म्हातारीसारखी कण्हायची आणि तिसऱ्या दिवशी एक बुश फाटून बाहेर आला. ते बोल्ट गाडी चाकांवर उभी राहिल्यावर शेवटचे आवळायचे असतात. ब्रेकचा होजही ताणला गेला होता, तो लांब घेतला. शंभरेक किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळले. प्रत्येकाने थोडा फेरा घेतलाच.

गोव्यात २०१४ पासून भर पावसात रेनफॉरेस्ट चॅलेंज ही ऑफ-रोड स्पर्धा होते, पुतण्याला तिथे जायचंय आणि त्यासाठी गाडी दोन नव्हे, चार इंच उचलायची होती. रस्त्यावरच्या गाडीचं प्रकरण वेगळं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार करू देत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ते आणखी घट्ट केलं. मी त्याला कागद दाखवले. तो म्हणाला, रेतीच्या ट्रकांना कुणी दाखवले होते का? उत्तर मला सुचलं नाही, पण चार इंचांचा हट्ट त्याने सोडला.

पहिली फेरी गायमुखच्या घाटापर्यंत. आईला पुढे बसायचं होतं. तिने पायदान बघितलं, साडी सावरली आणि स्वयंपाकघराच्या दिशेने हाक मारली, "अगं, जेवायचा पाट आण गं!"