बीज १६४९ ची, १६५० ची, आणि दाखल्यावरचा हरवलेला दिवस

बीज जवळ आली की मोबाईलवर पोस्टी फिरायला लागतात. एकीत तुकोबारायांचं वैकुंठगमन १६४९ साली, दुसरीत ९ मार्च १६५०, तिसरीत १९ मार्च १६५०. मग खाली कॉमेंटमध्ये जुंपते. गंमत अशी की यातल्या दोन तारखा एकाच दिवसाच्या आहेत आणि तिसरी नुसती बेरजेची चूक आहे.

परंपरेने आपल्याकडे आलेली नोंद शके १५७१, फाल्गुन वद्य द्वितीया. इसवी सन त्यात नाही, तो आपण नंतर चिकटवला. शाळेतलं सूत्र म्हणजे शकात ७८ मिळवा, झालं १६४९. पण शक सुरू होतो गुढीपाडव्याला आणि फाल्गुन हा त्याचा शेवटचा महिना. तोवर इंग्रजी नवं वर्ष लागून दोन-अडीच महिने झालेले असतात. तिथे ७९ मिळवायचे. म्हणून मार्च १६५०.

आता ९ की १९? १५८२ साली पोप ग्रेगरीने जुन्या ज्युलियन दिनदर्शिकेतले दहा दिवस गाळले. पोर्तुगीजांनी ते लगोलग मानलं. इंग्रजांनी १७५२ पर्यंत जुनंच चालवलं. म्हणजे देहूत फाल्गुन वद्य द्वितीया होती, त्या दिवशी गोव्यातला पोर्तुगीज १९ मार्च लिहीत होता आणि सुरतेच्या वखारीतला इंग्रज ९ मार्च. त्यात इंग्रजांचं वर्ष तेव्हा २५ मार्चला बदलायचं, म्हणजे त्याच्या हिशेबाने साल अजून १६४९ च! दिवस तोच, कागद तीन.

शिवजन्माचंही हेच. शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे बीजेच्या दुसऱ्या दिवसाची तिथी. जेधे शकावलीत वार शुक्रवार दिलाय. सरकारने मान्य केलेली तारीख १९ फेब्रुवारी १६३०, ती जुन्या दिनदर्शिकेतली. हीच तारीख वेबसाइट बनवणाऱ्या एखाद्या पोराने जावास्क्रिप्टमध्ये टाकून वार काढला, तर उत्तर येतं मंगळवार. कारण ही भाषा आजचीच दिनदर्शिका सरसकट मागे ताणत नेते, दहा दिवस गाळले होते याच्याशी तिला देणंघेणं नाही. १ मार्च १६३० टाका, शुक्रवार बरोबर येतो. जेधे शकावली चुकलेली नाही आणि कम्प्युटरही खोटं बोलत नाही. त्याला प्रश्नच अर्धवट विचारलाय.

हे सगळं जुन्या काळाचं म्हणून सोडून देऊ नका, कारण त्याच अर्धवटपणाचा फटका आज आपल्या दाखल्यांना बसतो. ऑनलाइन अर्जात जन्मतारीख एक दिवस अलीकडची आल्याचं अनेकांनी पाहिलं असेल. होतं असं: तुम्ही १९ फेब्रुवारी निवडता. प्रोग्राम त्याचा अर्थ लावतो, १९ फेब्रुवारी, रात्रीचे बारा, भारतीय वेळ. सर्व्हरवर साठवताना तो ती जागतिक वेळेत नेतो, म्हणजे साडेपाच तास वजा. झाले १८ फेब्रुवारी, संध्याकाळचे साडेसहा. पुढे कोणीतरी वेळ कापून नुसती तारीख ठेवली की कागदावर १८. मग आधारवर एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरी, आणि बाप बिचारा कंपनीची पाळी बुडवून प्रतिज्ञापत्र करायला तालुक्याला. तळवड्याच्या आयटी पार्कात आपली कितीतरी पोरं हेच काम करतात. त्यांना एवढंच सांगणं, जन्मतारखेला घड्याळ लावू नका बाबांनो, ती नुसती तारीख म्हणूनच साठवा.

आणि हे साडेपाच तास तरी कुठे सनातन आहेत? ही भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली १ जानेवारी १९०६ ला. त्याआधी रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालायची आणि मुंबईची स्वतःची वेळ होती, ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. नव्या वेळेने घड्याळं ३९ मिनिटं पुढे गेली, तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी काम बंद पाडलं. बरोबरच होतं, भोंगा अंधारात व्हायला लागला. मुंबई महापालिकेने तर मुंबईची वेळ पुढे कित्येक वर्षं सोडली नाही. कम्प्युटरच्या यादीत मात्र सगळ्या भारताला एकच टाइम झोन, नाव कोलकाता. १९०० सालचा मुंबईचा प्रसंग त्यात टाकला तर तो मद्रासची वेळ लावतो. एक गोष्ट मात्र त्याला नीट माहीत आहे. दुसऱ्या महायुद्धात सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ आपली घड्याळं एक तास पुढे होती. त्या काळात जन्मलेल्या आजोबांची पत्रिका कोणी नव्याने करत असेल तर जुन्या कागदावरची वेळ कोणती, हे आधी बघा.

आता आपल्या गावाचं. बीजेला दुपारी १२ वाजून २ मिनिटांनी नांदुरकीखाली लोक हात जोडून उभे असतात. श्रद्धेबद्दल मला काही म्हणायचं नाही, माझा प्रश्न घड्याळापुरता आहे. देहूचा सूर्य प्रमाणवेळेच्या साधारण ३५ मिनिटं मागे चालतो, मार्चमध्ये आणखी थोडा मागे. म्हणजे त्या १२ वाजून २ मिनिटांना आपल्याकडे खरा माध्यान्ह झालेलाच नसतो, तो पाऊण वाजायच्या सुमारास होतो. मग १९०६ च्या आधी बीजेची वेळ कशावर धरायचे? सावलीवर, घटिकापात्रावर, की कोणाच्या खिशातल्या घड्याळावर? कोणाच्या वाड्यात जुन्या वह्या, उत्सवाच्या पत्रिका, वहिवाटीचे कागद असतील आणि त्यात घटका-पळं किंवा तासांचा उल्लेख असेल, तर फोटो काढून इनबॉक्सला पाठवा. शक आणि तिथी असलेलं पान पूर्ण येऊ द्या, कडा कापू नका.