कोयनाखोऱ्यातील ‘वर’ आणि ‘खाली’

जुन्या कागदांतील स्थलवर्णने वाचताना अभ्यासक नकाशा समोर ठेवतो. नकाशात उत्तर दिशा वर असते. तेव्हा ‘वर’ म्हणजे उत्तर व ‘खाली’ म्हणजे दक्षिण, असा अर्थ तो नकळत धरून चालतो. पाटण तालुक्यात हे गृहीत फसते.

कोयना महाबळेश्वराच्या डोंगरात उगम पावून हेळवाकपर्यंत साधारणतः दक्षिणेस वाहते. तेथे ती एकाएकी पूर्वेकडे वळते आणि पाटणवरून जाऊन कऱ्हाडास कृष्णेला मिळते. खोऱ्यातील बोलण्यात ‘वरल्या अंगाला’ व ‘खालच्या अंगाला’ हे शब्द उताराला व पाण्याच्या वाटेला धरून येतात. अर्थात हेळवाकाच्या वरच्या भागात ‘खाली’ म्हणजे दक्षिण, तर पाटणाजवळ तेच ‘खाली’ म्हणजे पूर्व. केरा उत्तरेकडून व मोरणा दक्षिणेकडून कोयनेस मिळते. म्हणून केरेकाठच्या माणसाचे ‘खाली’ मोरणाकाठच्या माणसाच्या ‘खाली’च्या जवळजवळ उलट दिशेस पडते. दोघे बाजारास पाटणात येतात, आणि दोघांचा व्यवहार बिनबोभाट चालतो.

याच माणसांच्या खरेदीखतांत मात्र उताराचा मागमूस नसतो. तेथे चतुःसीमा येतात : पूर्वेस अमुक, दक्षिणेस अमुक. ही परंपरा जुनी आहे. राष्ट्रकूट व शिलाहार ताम्रपटांत दान दिलेल्या भूमीचे आघाट पूर्वेपासून प्रदक्षिणाक्रमाने सांगितलेले आढळतात. त्यातील ‘दक्षिण’ हा शब्दच पूर्वाभिमुख उभ्या असलेल्या मनुष्याच्या उजव्या हातावरून आला. संस्कृतात तो हात आणि दिशा या दोहोंचा वाचक होता. मराठीने हातासाठी ‘उजवा’ हा निराळा शब्द रूढ केला व ‘दक्षिण’ दिशेपुरता ठेवला. शरीर, सूर्य व उतार अशी तीन मापे अशा रीतीने एकाच भाषकाच्या तोंडी नांदू लागली.

भाषा विचाराला वळण लावते, हे मत बेंजामिन व्होर्फच्या 1956 मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखसंग्रहामुळे विशेष गाजले. दिक्‌कल्पनेच्या बाबतीत त्याची पद्धतशीर तपासणी पुढे स्टीफन लेव्हिन्सन व त्याच्या सहकाऱ्यांनी केली. ऑस्ट्रेलियातील गूगू यिमिथिर भाषेत डावे-उजवे न म्हणता दिशाच सांगतात. मेक्सिकोतील त्सेल्ताल भाषक ‘चढ’ व ‘उतार’ हे शब्द वापरतात. परंतु त्यांच्या मुलखाचा एकूण उतार उत्तरेकडे असल्यामुळे ‘उतार’ हा सपाट जागेवरही उत्तरेचा वाचक झाला आहे. कोयनाखोऱ्यात असे घडण्यास जागाच नव्हती, असे मला वाटते. नदीच जेथे काटकोनात वळते, तेथे ‘खाली’ एका दिशेला चिकटणार कसे?

लेव्हिन्सनच्या निष्कर्षांवर 2002 मध्ये ली व ग्लाइटमन यांनी आक्षेप घेतला : सभोवतालच्या खुणा बदलल्या की एकाच भाषेचे भाषकही निराळी उत्तरे देतात. हा आक्षेप सहज बाजूस सारण्यासारखा नाही. तमिळ भाषकांच्या अभ्यासात ग्रामीण लोक दिशा धरून बोलतात व शहरी लोक डावे-उजवे धरून, असे दिसून आले. भाषा तीच, वस्ती निराळी. मग वळण लावते ते भाषेने, की जागेने व कामाने?

या प्रश्नाची कसोटी घेण्याजोगे एक प्रकरण दुर्दैवाने याच खोऱ्यात घडले आहे. 1960 नंतरच्या दशकात कोयना धरण पुरे झाले व शिवसागराखाली गावे गेली. विस्थापितांपैकी कित्येक कुटुंबे सोलापूर, सांगली, रायगड, ठाणे अशा दूरच्या जिल्ह्यांत बसविली गेली. त्यांची भाषा त्यांच्याबरोबर गेली, उतार मागे राहिला. (स्वतः नदीचेही ‘खाली’ पालटलेच : पूर्वेकडे जाणारे पाणी आता बोगद्यांतून पश्चिमेस पोफळीला उतरते आणि वीज निर्माण करून वाशिष्ठीला मिळते.)

खोऱ्यात वाढून मग काळ्या रानात गेलेली माणसे आज वृद्ध आहेत, आणि त्यांची नातवंडे सपाट जमिनीवरच जन्मली. दोघांनाही एकच साधा प्रश्न विचारावयाचा आहे : येथे ‘वरले शेत’ कोणते? आजोबा कालव्याच्या मुखाकडे बोट दाखवितात, की गावाच्या मावळतीकडे, जिकडे सह्याद्री आहे पण दिसत नाही, आणि नातू त्याच बाजूस बोट दाखवितो की नाही, हे शेतात उभे राहून टिपून घ्यावयास हवे.