खेळनिर्मिती, स्वतंत्र
मोठ्या कंपनीच्या नोकरीत न राहता, एकट्याने किंवा मोजक्या सहकाऱ्यांसह व्हिडिओ खेळ रचून त्यांच्या विक्रीवर उपजीविका करण्याचा व्यवसाय. अशा निर्मात्यास जगभर ‘इंडी’ या संक्षिप्त नावाने ओळखतात. खेळाची कल्पना, चित्रे, संगणकीय आज्ञावली, संगीत, जाहिरात आणि हिशेब ही सर्व कामे बहुधा दोन-चार व्यक्तींनाच पार पाडावी लागतात. खेळ पूर्ण होण्यास दोन ते पाच वर्षे लागतात व तोपर्यंत त्यापासून काहीच उत्पन्न मिळत नाही. या व्यवसायातील बहुतेक अडचणींचे मूळ या एका गोष्टीत आढळते.

पूर्वपीठिका : खेळ तयार करून पोट भरण्याचा प्रश्न महाराष्ट्रास सर्वस्वी नवा नाही. सावंतवाडी येथील चितारी हाताने रंगविलेल्या, लाखेचा लेप दिलेल्या गोल गंजिफा तयार करीत. दशावतारी गंजिफांच्या एका संचात दहा रंगांची प्रत्येकी बारा, अशी १२० पाने असतात. या कलेस संस्थानच्या दरबाराचा आश्रय होता. छापील पत्ते स्वस्तात मिळू लागल्यावर मागणी घटली आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही विद्या जाणणारे कारागीर फारच थोडे उरले. १९७० च्या दशकाच्या आरंभी शिवरामराजे भोसले व सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कार्यशाळा चालवून तिचे पुनरुज्जीवन केले. कारागिराचे कसब कायम असूनही ग्राहक व आश्रयदाता नाहीसा झाला की व्यवसाय कसा खचतो, याचे हे बोलके उदाहरण होय.

महाराष्ट्रातील आरंभ : राज्यातील व्हिडिओ खेळांच्या व्यवसायाचा पाया मुंबईत घातला गेला. विशाल गोंदल यांनी १९९९ मध्ये ‘इंडियागेम्स’ ही कंपनी स्थापन केली. त्या काळी खेळ प्रामुख्याने मोबाइल सेवा देणाऱ्या कंपन्यांमार्फत विकले जात. ग्राहकाने दिलेल्या रकमेचा मोठा भाग या कंपन्या स्वतःकडे ठेवीत व उरलेल्या भागातच निर्मात्यास समाधान मानावे लागे. इंडियागेम्स २००७ मध्ये ‘यूटीव्ही’कडे व पुढे तिच्यासह ‘डिस्ने’ समूहाकडे गेली. दरम्यान २००८ मध्ये ‘युबिसॉफ्ट’ या फ्रेंच कंपनीने पुण्यात आपली शाखा सुरू केली. परदेशी कंपन्यांसाठी चित्रे, सजीवन व चाचणी यांची कामे करणारा कुशल वर्ग मुंबई-पुणे परिसरात तयार झाला; परंतु या कामाचा मोबदला वेतनाच्या किंवा ठरीव दराच्या रूपात मिळे आणि खेळाचे स्वामित्व परदेशी कंपनीकडेच राही.

विक्रीतील क्रांती : २००८ मध्ये ‘ॲपल’ व ‘गूगल’ यांची मोबाइल खेळांची ऑनलाइन दुकाने उघडली. संगणकावरील खेळांसाठी ‘व्हॉल्व्ह’ या अमेरिकन कंपनीचे ‘स्टीम’ हे दुकान २००३ पासूनच अस्तित्वात होते. २०१७ पासून तेथे केवळ १०० डॉलर शुल्क भरून कोणासही आपला खेळ विक्रीस ठेवता येऊ लागला. ‘युनिटी’ व ‘अनरिअल’ ही खेळरचनेची साधनेही नवोदितांना आरंभी मोफत मिळू लागली. गोंदिया जिल्ह्यातील कामठ्यासारख्या गावात राहूनही, संगणक आणि इंटरनेट जोडणी असल्यास, आपला खेळ जगभर विकणे तत्त्वतः शक्य झाले. तथापि हीच सोय सर्वांना लाभल्याने स्पर्धा अतोनात वाढली. एकट्या स्टीमवर २०२४ मध्ये १८ हजारांहून अधिक नवे खेळ आले. खेळ दुकानात ठेवणे सोपे झाले. तो ग्राहकाच्या नजरेस पडणे मात्र अवघड झाले.

अर्थकारण : या दुकानांचा वाटा सामान्यतः ३० टक्के असतो. ॲपल व गूगल यांनी २०२१ पासून लहान निर्मात्यांसाठी तो १५ टक्क्यांवर आणला. उदाहरणादाखल, तीन जणांनी तीन वर्षे दरमहा प्रत्येकी ४० हजार रुपयांत गुजराण केली असे मानल्यास खेळाचा निर्मितिखर्च ४३ लाख २० हजार रुपये होतो. खेळाची किंमत ५०० रुपये व दुकानाचा वाटा ३० टक्के धरला, तर प्रत्येक प्रतीमागे ३५० रुपये हाती येतात. म्हणजे केवळ खर्च भरून निघण्यास सुमारे १२,३५० प्रती खपाव्या लागतात. प्रकाशकास उरलेल्यातील निम्मा भाग द्यावा लागल्यास हा आकडा दुप्पट होतो. कर, ग्राहकांनी परत केलेल्या प्रती व जाहिरात यांचा खर्च यात धरलेला नाही. भारतात मोबाइलवर फुकट खेळण्याची सवय मोठी असल्याने एवढा खप देशातच होणे कठीण असते व निर्मात्यास परदेशी बाजारपेठेवर विसंबावे लागते.

‘राजी’चे उदाहरण : पुण्यातील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या संस्थेचा ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा खेळ या दृष्टीने उद्बोधक आहे. आपल्या भावाला असुरांच्या तावडीतून सोडविण्यासाठी निघालेल्या मुलीची ही कथा असून तिच्या दृश्यरचनेत राजस्थानी वास्तुकला आणि पहाडी चित्रशैली यांचा उपयोग केलेला आहे. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून भांडवल उभारण्याचा संस्थेचा प्रयत्न फसला. काम चालू ठेवण्यासाठी संस्थापकांपैकी एकीने आपले घर विकले. पुढे प्रकाशक मिळाला व ऑगस्ट २०२० मध्ये हा खेळ प्रथम ‘निन्टेन्डो स्विच’वर आणि ऑक्टोबरमध्ये इतर यंत्रांवर प्रसिद्ध झाला. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातील उत्कृष्ट खेळाच्या विभागात त्यास नामांकन मिळाले. आंतरराष्ट्रीय ख्याती लाभलेल्या या खेळाची निर्मितीदेखील राहते घर विकण्याइतक्या जोखमीवर उभी होती, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे.

अन्य देशांतील स्थितीही फारशी निराळी नाही. अमेरिकेतील एरिक बॅरोन यांनी ‘स्टार्ड्यू व्हॅली’ (२०१६) हा खेळ सुमारे साडेचार वर्षे एकट्याने रचला. या काळात ते नाट्यगृहात अर्धवेळ नोकरी करीत व घरखर्चाचा मुख्य भार त्यांच्या जोडीदाराने उचलला. खेळास अपूर्व यश मिळाले. पण असे यश अपवादात्मक होय. बहुसंख्य निर्माते दिवसा इतरांची ठेक्याची कामे करतात आणि उरलेल्या वेळात स्वतःचा खेळ पुढे नेतात. परिणामी निर्मितीचा काळ लांबतो व पुष्कळदा खेळ अपुराच राहतो.

परावलंबन व धोरण : ‘स्वतंत्र’ म्हणविणारा निर्माता साधने व दुकाने यांबाबत परतंत्रच असतो. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटीने खेळ ग्राहकाच्या यंत्रावर बसविला जाताच शुल्क आकारण्याची घोषणा केली. ज्यांचे खेळ वर्षानुवर्षे त्या साधनावर रचले जात होते, त्यांना ते एकाएकी बदलणे शक्य नव्हते. तीव्र विरोधानंतर वर्षभराने हे शुल्क मागे घेण्यात आले. भारतात आणखी एक अडचण होती. ‘गेमिंग’ या नावाखाली पैसे लावून खेळावयाचे प्रकारही मोडत आणि गुंतवणुकीचा बराच ओघ तिकडे जाई. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या अधिनियमाने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली व ई-क्रीडा आणि इतर खेळ त्यांपासून वेगळे मानले. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने सजीवन, दृश्यपरिणाम व खेळनिर्मिती या क्षेत्रांसाठी धोरण मंजूर केले. स्वतंत्र निर्मात्याची मुख्य गरज मात्र खेळ पूर्ण होईपर्यंतच्या दोन-तीन वर्षांच्या निर्वाहाची आहे. चित्रपट व नाटक यांना अनुदान देण्याची प्रथा राज्यात दीर्घकाळ रूढ आहे. खेळ हीदेखील एक कलाकृती मानून तिच्या निर्मितिकाळास तसाच आधार मिळतो की नाही, यावर या व्यवसायाचे राज्यातील भवितव्य बऱ्याच अंशी अवलंबून राहील.