किल्ला गेला, किल्ल्या राहिल्या

इतिहासाच्या तासाला आपण इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांची यादवी सनावळीसह घोकली होती. त्या सनावळीत मेरी बँक्स नव्हती.

डॉर्सेट परगण्यातला कॉर्फ किल्ला विल्यम द कॉन्कररच्या काळापासूनचा. पाचशे वर्षं तो राजघराण्याकडे होता. १५७२ मध्ये एलिझाबेथ राणीने तो सर ख्रिस्तोफर हॅटनला विकला, आणि १६३५ च्या सुमारास सर जॉन बँक्स या बड्या वकिलाने विकत घेतला. कागदोपत्री मालक जॉन. लढवला मात्र त्याच्या बायकोने, मेरीने.

१६४३ मध्ये नवरा राजाच्या बाजूने बाहेर होता. किल्ल्यावरच्या चार लहान तोफा न्यायला पार्लमेंटचे चाळीस खलाशी पहाटे दारात आले. आत फक्त पाच पुरुष. मेरीने दासींच्या मदतीने एक तोफ चढवून डागली आणि खलाशी पळाले. पुढे दबाव वाढला तेव्हा तिने तोफा मुकाट्याने देऊन टाकल्या. शत्रू गाफील झाला, आणि तिने धान्य, दारूगोळा भरून घेतला. मला तोफ डागण्यापेक्षा हा भाग जास्त आवडतो. मग सर वॉल्टर अर्लने पाच-सहाशे माणसांनिशी वेढा घातला. शिड्या लावून चढणाऱ्यांवर मेरी, तिच्या मुली, दासी आणि पाच शिपाई वरून दगड आणि निखारे ओतत होते. सहा आठवड्यांनी, ऑगस्टमध्ये वेढा उठला.

१६४४ च्या अखेरीस जॉन वारला. दुसऱ्या वेढ्यात मात्र घात झाला. पिटमन नावाचा किल्ल्यातलाच अधिकारी कुमक आणतो म्हणून गेला आणि शत्रूचेच शिपाई घेऊन आला. (आमच्या क्षेत्रातही भिंत कितीही भक्कम बांधा, धोका आतल्या माणसाचाच.) फेब्रुवारी १६४६ मध्ये किल्ला पडला. तिच्या शौर्याचा मान म्हणून किल्ल्या तिच्याकडेच राहू दिल्या, आणि किल्ला सुरुंग लावून फोडला. एक दरवाजा मधोमध चिरून अर्धा खाली घसरला, तो आजही तसाच आहे. १८१८ च्या सुमारास इंग्रजांनी आपल्या गडांच्या पायऱ्या उडवल्या. ही विद्या ते आधी घरीच शिकले होते. पडलेले दगड गावकऱ्यांनी आपल्या घरांना वापरले.

दंड भरून कुटुंबाने जमिनी सोडवल्या. मुलगा राल्फ याने १६६० च्या दशकात किंग्स्टन लेसी इथे नवा वाडा बांधला. मेरी १६६१ मध्येच गेली होती. एकोणिसाव्या शतकात याच घराण्यातला विल्यम जॉन बँक्स, इजिप्तच्या शिलालेखांचा जाणकार, समलिंगी संबंधांच्या आरोपामुळे १८४१ मध्ये देश सोडून इटलीत राहिला. परदेशातून तो घरासाठी संगमरवर, चित्रं पाठवत राहिला. जिन्यावरचा मेरीचा कांस्य पुतळाही त्यानेच घडवून घेतला, हातात किल्ली असलेला. ज्याला घरी राहता आलं नाही, त्याने घर राखणारीला तिथे बसवलं.

१९८१ मध्ये शेवटच्या मालकाने मृत्युपत्राद्वारे किल्ला, वाडा आणि हजारो एकर जमीन नॅशनल ट्रस्टला दिली. कॉर्फला आज दार नाही. किल्ल्या वाड्यातल्या ग्रंथालयात टांगलेल्या आहेत.