निळ्या टोपीतला चीन

जनरल एस. पी. पी. थोरात यांचे नाव मी पहिल्यांदा ऐकले ते वडिलांच्या तोंडून. कोरियातले युद्ध १९५३ मध्ये थांबले आणि मायदेशी परतायला नकार देणाऱ्या कैद्यांना सांभाळण्यासाठी भारताने फौज पाठवली. तिचे प्रमुख थोरात. त्या कैद्यांत चौदा हजारांहून अधिक चिनी होते. त्यांनी एका भारतीय मेजरला छावणीत डांबले, तेव्हा थोरात स्वतः तारांच्या कुंपणाआड गेले आणि त्याला सोडवून आणले. वडील हा प्रसंग फार रंगवून सांगत.

माझ्या मनात राहिले ते मात्र चिनी कैदी. ते लढले होते संयुक्त राष्ट्रसंघाच्या निशाणाखालच्या फौजांशी. १९५१ मध्ये राष्ट्रसंघाच्या आमसभेने चीनला आक्रमकही ठरवले होते. १९७१ मध्ये बीजिंगला सुरक्षा परिषदेत जागा मिळाली, तरी ही अढी गेली नाही. शांतिसेनेचा ठराव आला की चिनी प्रतिनिधी मतदानात भागच घेत नसे आणि खर्चाचा वाटाही देत नसे. डिसेंबर १९८१ मध्ये सायप्रसमधल्या शांतिसेनेच्या मुदतवाढीला चीनने प्रथम होकार दिला. १९९० मध्ये पश्चिम आशियात निरीक्षक पाठवले. किती? पाच!

खरी कसोटी लागली कंबोडियात. १९९२ मध्ये चीनने तिथे चारशे सैनिकी अभियंत्यांची तुकडी धाडली. रस्ते, पूल, धावपट्ट्या दुरुस्त करणे हे त्यांचे काम. आता दैवगती पाहा. ज्या खमेर रूजला चीनने वर्षानुवर्षे शस्त्रे पुरवली, तेच या निवडणुकीवर बहिष्कार टाकून बसले होते आणि शांतिसेनेला धमकावत होते. मे १९९३ मध्ये, मतदानाच्या तोंडावर, चिनी छावणीवर मारा झाला. दोन चिनी सैनिक मेले.

तरी चीन मागे फिरला नाही. मात्र शांतीपेक्षा तैवानचा प्रश्न त्याला मोठा वाटे, हेही सांगितले पाहिजे. जानेवारी १९९७ मध्ये ग्वाटेमालात निरीक्षक पाठवण्याचा ठराव त्याने नकाराधिकार वापरून अडवला. दहा दिवसांनी नमते घेतले. १९९९ मध्ये मॅसेडोनियाने तैवानला मान्यता देताच तिथल्या शांतिसेनेची मुदतवाढच रोखली. ती शांतिसेना गुंडाळावी लागली.

पुढची वाढ झपाट्याची. सुरक्षा परिषदेच्या पाच कायम सदस्यांत आज सर्वाधिक शांतिसैनिक चीनचेच. शांतिसेनेच्या खर्चातला त्याचा वाटा २०१६ मध्ये दहा टक्क्यांच्या आसपास होता, तो २०२५ पासून जवळजवळ २४ टक्के झाला. पुढे फक्त अमेरिका. हिशेबात हितसंबंध नाहीत असे नाही. २०१५ मध्ये चीनने सातशे जणांची पहिली पायदळ बटालियन पाठवली ती दक्षिण सुदानला, आणि तिथल्या तेलात चीनच्या सरकारी कंपनीची मोठी गुंतवणूक आहे. पण म्हणून सारे ढोंगच, असे मला म्हणवत नाही. भाडोत्री हिशेबाने माणसे मरायला कोण पाठवील?

जुलै २०१६ मध्ये जुबा शहरात लढाई पेटली. चिनी चिलखती गाडीवर मारा होऊन दोन सैनिक ठार झाले. राष्ट्रसंघाच्या चौकशीत चिनी सैनिकांनी किमान दोनदा ठाणी सोडल्याचे निघाले. मात्र तेव्हा जुबात इथिओपिया, नेपाळ आणि आपल्या भारताच्याही तुकड्या होत्या, आणि विस्कळीतपणाचा ठपका एकट्या चीनवर नव्हे, साऱ्या दलावर आला. केनियाच्या सेनापतीला जावे लागले. चिनी बटालियन तिथेच राहिली.