पंडिता रमाबाई : श्रान्त जीवाचा विसावा

कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमाजवळ वसलेल्या कुरुंदवाडच्या घाटावर उभें राहिलें म्हणजे पैलतीरावरील नृसिंहवाडीकडे सहजच दृष्टि जाते. श्रीदत्ताच्या पादुकांपाशीं माथा टेकण्यासाठीं पिढ्यान् पिढ्या दूरदूरचीं माणसें या संगमावर येत आलीं आहेत. कोणी रोगानें पिडलेला, कोणी संसारानें भागलेला, कोणी मनानें खचलेला. याच टापूंत, थोड्या कोसांच्या अंतरावर, मिरजेस डॉ. विल्यम वॉन्लेस यांनीं १८९४ सालीं ख्रिस्ती मिशनचें रुग्णालय उघडलें आणि पीडितांच्या वाटा तिकडेही वळल्या. एक तीर्थ आणि एक रुग्णालय. परंतु दोहोंकडे जाणाऱ्याची मागणी एकच. या शिणलेल्या जीवास कोठेंतरी विसावा मिळावा!

हा विसावा कोठें लाभतो, याचें उत्तर ज्याचें त्यानेंच शोधावयाचें असतें. परंतु महाराष्ट्राच्या अर्वाचीन इतिहासांत एक जीवन असें होऊन गेलें कीं, ज्यानें तीर्थांची वाटही पायांखालीं घातली आणि अखेर ख्रिस्ताच्या चरणांशीं येऊन तें स्थिरावलें. तें जीवन पंडिता रमाबाईंचें.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रींतील गंगामूळ येथील अरण्यांत झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे व्युत्पन्न ब्राह्मण. स्त्रियांस संस्कृत शिकवूं नये, हा त्या काळचा दंडक मोडून त्यांनीं पत्नी लक्ष्मीबाईंस संस्कृत शिकविलें आणि मातेनें तीच विद्या कन्येस दिली. पुढें दारिद्र्य आलें आणि सारें कुटुंब पुराणें सांगत तीर्थाटनास निघालें. एक क्षेत्र झालें कीं दुसरें, एक नदी झाली कीं दुसरी, असा त्यांचा अखंड प्रवास चाले. अंथरुणास भूमि आणि पांघरुणास आकाश, ही त्या बालिकेची पहिली ओळख. १८७४ सालच्या सुमारास दक्षिणेंत पडलेल्या दुष्काळांत अन्नान्नदशा होऊन प्रथम पिता गेले, पाठोपाठ माता गेली आणि नंतर थोरली बहीणही गेली. उरलीं तीं दोघें, रमाबाई आणि बंधु श्रीनिवासशास्त्री. या दोघांनीं हजारों मैल पायीं तुडविले. देवळें पाहिलीं, व्रतें केलीं, स्नानें केलीं. पण ज्याच्या शोधांत तीं निघालीं होतीं, तें मनाचें स्वास्थ्य त्यांना लाभलें नाहीं.

१८७८ सालीं हीं भावंडें कलकत्त्यास पोंचलीं. तेथील विद्वानांनीं त्या वीस वर्षांच्या तरुणीची परीक्षा घेऊन तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या अर्पण केल्या. सारा देश कौतुकानें पाहूं लागला. पण कीर्ति ही शिणलेल्या मनाची उशी होऊं शकत नाहीं. १८८० सालीं बंधु निवर्तले. त्याच वर्षीं बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशीं रमाबाईंनीं विवाह केला. १८८१ सालीं मनोरमा जन्मली आणि १८८२ च्या फेब्रुवारींत पतीही कॉलऱ्यानें गेले. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आंतच आई, बाप, बहीण, भाऊ व पति यांची मालिका संपली आणि कडेवर तान्ही मुलगी उरली. पतीच्याच ग्रंथसंग्रहांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची एक बंगाली प्रत सांपडली होती. तें वाचन त्यांना गोड वाटलें होतें, पण त्या वेळीं तेवढ्यावरच राहिलें.

पुण्यास येऊन त्यांनीं १८८२ सालीं आर्य महिला समाज स्थापिला आणि वैद्यकीचें शिक्षण घ्यावें या हेतूनें १८८३ सालीं त्या इंग्लंडास गेल्या. तेथें फुलहॅम येथें ख्रिस्ती भगिनींचें एक सेवास्थान त्यांच्या पाहण्यांत आलें. समाजानें पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांस तेथें मायेनें वागविलें जात होतें. रमाबाई चकित झाल्या. धर्माच्या नांवानें पतितेस हांकलून दिलेलें त्यांनीं पाहिलें होतें. तिला धर्माच्याच नांवानें जवळ केलेलें त्या प्रथमच पाहत होत्या. या भगिनींस ही दया कोठून आली, असें त्यांनीं विचारतां त्यांना विहिरीच्या कांठीं येशूस भेटलेल्या शोमरोनी स्त्रीची कथा सांगण्यांत आली. भर दुपारीं एकटीच पाण्यास आलेली ती स्त्री. आणि तिला हिणविल्यावांचून तिच्याशीं बोलणारा तो थकलेला वाटसरू! या कथेनें रमाबाईंच्या अंतःकरणाचा ठाव घेतला. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं वाँटेज येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावयास हवी. बाप्तिस्म्यानें रमाबाईंना मार्ग मिळाला. विसावा मात्र लगेच मिळाला नाहीं. त्यांची बुद्धि स्वतंत्र होती. चर्चच्या अधिकाऱ्यांनीं सांगितलें म्हणून एखादें मत मान्य करणें त्यांना जमलें नाहीं आणि वाँटेजच्या भगिनींशीं त्यांचे या बाबतींत खटके उडाले. पुढें १८८६ सालीं डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठीं त्या अमेरिकेस गेल्या आणि तेथें बालविधवांसाठीं साहाय्य मिळवून ११ मार्च १८८९ रोजीं त्यांनीं मुंबईस ‘शारदा सदन’ उघडलें. म्हणजे कार्य सुरू झालें होतें, नांव झालें होतें, मनांत तळमळ मात्र शिल्लक होती. बाप्तिस्म्यानंतर सुमारें आठ वर्षांनीं त्यांना उमगलें कीं, आपणांस ख्रिस्ताचा धर्म सांपडला, पण स्वतः ख्रिस्त सांपडलेला नाहीं. १९०७ सालीं लिहिलेल्या आपल्या साक्षींत त्यांनीं हें मोकळेपणानें मांडलें आहे. आपल्या पुण्याईचा हिशेब मांडीत बसण्याचें सोडून त्यांनीं सर्व भार त्याच्यावर टाकला, आणि जन्मभर चाललेली ती पायपीट अंतर्यामीं थांबली.

मात्र बाहेरचें वादळ त्यामुळें शमलें नाहीं. उलट तें वाढलें. सदन १८९० सालीं पुण्यास आलें होतें. तेथें मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळविलें जातें, असा आरोप होऊन १८९३ सालीं मोठा गहजब झाला. न्यायमूर्ति रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारख्या सल्लागारांनीं अंग काढून घेतलें. अनेक पालकांनीं मुली परत नेल्या. पालकांचा रोष समजण्यासारखा होता, कारण सदन उघडलें तें धर्माच्या बाबतींत तटस्थ राहण्याच्या आश्वासनावर. आणि आपल्या प्रार्थनेचें दार मुलींना बंद करणें रमाबाईंना जमत नव्हतें. या तिढ्याची किंमत त्यांनीं लोकप्रियता गमावून मोजली.

लाभलेला विसावा खरा कीं खोटा, याची परीक्षा १८९६-९७ च्या दुष्काळानें घेतली. मध्य प्रांतांत माणसें अन्नावांचून तडफडत असल्याचें ऐकून रमाबाई तिकडे धांवल्या. उपाशी, अनाथ मुली पाहतांना त्यांना स्वतःचें बालपण आठवलें असल्यास नवल नाहीं. शेंकडों मुली व विधवा त्यांनीं आपल्याबरोबर आणल्या. पुण्यांत त्या वेळीं प्लेगनें थैमान घातलें होतें. म्हणून दौंडच्या रेल्वेमार्गावरील केडगांव येथें घेतलेल्या जमिनीवर त्यांना ठेवण्यांत आलें. विहिरी खणल्या गेल्या, झोंपड्या उभ्या राहिल्या, शेती होऊं लागली. हातमाग आले, छापखाना आला. ‘मुक्ति’ या नांवानें ती वसाहत जगाला माहीत झाली. ज्या बाईला एके काळीं स्वतःच्या डोक्यावर छप्पर नव्हतें, ती आतां हजारों जणींचें छप्पर झाली.

आयुष्याचीं अखेरचीं वर्षें रमाबाईंनीं बायबलच्या मराठी भाषांतरास वाहिलीं. खेड्यांतील अडाणी बाईलाही कळेल अशी सोपी मराठी त्यांना हवी होती. त्यासाठीं उतारवयांत त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या. मुक्तींतील मुलीच खिळे जुळवीत आणि छपाई करीत. १९२१ च्या जुलैंत एकुलती एक कन्या मनोरमा मरण पावली. तो आघात सोसून म्हातारी आई पुन्हा मुद्रितांवर वांकून बसली. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाईंनीं देह ठेविला. त्या संस्थेचें कार्य केडगांव येथें आजही चालूं आहे.

विसावा म्हणजे काम थांबणें, अशी आपली सामान्य समजूत असते. रमाबाईंचें चरित्र तसें सांगत नाहीं. त्यांचे कष्ट विसावा लाभल्यानंतर कमी झाले नाहींत, वाढले. दुःखेंही टळलीं नाहींत. बदललें तें एवढेंच कीं, ओझें आपल्या एकटीच्या खांद्यावर आहे ही भावना नाहींशी झाली, आणि म्हणून दुसऱ्याचें ओझें उचलण्यास हात मोकळे झाले. संगमाच्या घाटावर टेकलेला यात्रेकरू असो कीं मिशनच्या रुग्णालयांत पडलेला रोगी असो, त्याला लाभलेल्या विसाव्याची खूण हीच, कीं तो उठल्यावर आपल्या शेजारच्या थकलेल्या माणसास हात देतो.